रीफ टँकमध्ये तांबं आलं कुठून? ठाण्यातल्या एका घराचं प्रकरण

रीफ टँकमध्ये, म्हणजे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळांच्या मत्स्यालयात, गोगलगायी मरायला लागल्या की बहुतेक जण आधी खारटपणा तपासतात, मग अमोनिया, आणि मग दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतात. या घरात हे तिन्ही करून झालं होतं. मी पोचलो तेव्हा मासे ठणठणीत होते. गोगलगायी, कोळंबी, हर्मिट क्रॅब यांतलं मात्र हातपाय हलवणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. मासे ठीक आणि पाठीचा कणा नसलेले सगळे आजारी, असं दिसलं की पहिला संशय तांब्यावर जातो. पण संशय घेणं सोपं होतं. या टँकमध्ये कधी औषध पडलं नव्हतं, टँक सेकंडहँड नव्हता, आणि दुकानात केलेल्या कॉपर टेस्टवर 'काही नाही' असं उत्तर आलं होतं.

घर घोडबंदर रोडवरचं. मालक बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना मी काका म्हणतो. टँक चार फुटी, खाली सम्प (पंप आणि गाळणीची टाकी), दोन्ही मिळून ४०० लिटर. दगड आणि वाळू वजा केली तर खरं पाणी ३४० लिटरच्या आसपास. मासे मोजकेच: क्लाउनफिशची जोडी, एक फॉक्सफेस, एक रॉयल ग्रामा. कोरल सगळे मऊ जातीचे, म्हणजे झोआ, मशरूम, एक मोठा लेदर आणि मागच्या दगडावर पसरलेला झेनिया. दगड बांधणाऱ्या कठीण प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे काका त्या वाटेला गेलेच नाहीत, आणि बरंच केलं. सफाईला टर्बो आणि सेरिथ गोगलगायी, थोडे हर्मिट क्रॅब आणि क्लीनर श्रिंपची जोडी. टँक काही वर्षं जुना, स्थिर. काकांची वहीसुद्धा नीट: तारीख, सॅलिनिटी (खारटपणा), केएच (पाण्याची क्षारता), नायट्रेट, कोणत्या दिवशी किती पाणी बदललं, सगळं.

वहीमुळेच घटनांचा क्रम लावता आला. नवरात्रात एक-दोन टर्बो काचेवरून सुटून वाळूत उलट्या पडल्या. सरळ करून ठेवल्या तरी पाय घट्ट धरत नव्हता. दसऱ्यानंतर सेरिथ वाळूतून वर येईनाशा झाल्या. झेनियाची उघडझाप मंदावली, मग थांबली, मग त्याचा एक भाग चिकट होऊन विरघळला. दिवाळीत क्लीनर श्रिंपने कात टाकली आणि दुसऱ्या दिवशी मेली. झोआ मिटलेले राहू लागले. या सगळ्यात एक नोंद काकांनी आनंदाने केली होती: 'काच आता आठवड्यातून एकदाच पुसावी लागते.'

ही नोंद वाचली आणि माझा संशय बळावला. तांबं शेवाळाला मारतं. तळी आणि पोहण्याचे तलाव साफ ठेवायला तांब्याची संयुगं वापरतात ती यासाठीच. टँक जुना, दिवे तेच, खाणं तेवढंच, नायट्रेट १० च्या आसपास, आणि तरी काच आपोआप स्वच्छ राहायला लागली तर त्यात खूश होण्यासारखं काही नाही. रात्री दिवे बंद झाल्यावर टॉर्च मारून सम्प पाहिला. एरवी तिथे पंपाच्या मागे, नळ्यांवर ठिपक्याठिपक्यांसारखे कोपेपॉड आणि ॲम्फिपॉड, म्हणजे कोळंबीचे अगदी बारीक भाऊबंद, पळत असतात. तिथे शुकशुकाट होता. महागडी कोळंबी मरायच्या आधी हे फुकटचे जीव जातात, पण त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

बाकीचे आकडे चांगले होते. सॅलिनिटी ३५, तापमान २६, पीएच ८.१, केएच ८, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर माझ्याकडच्या द्रावणाने तपासून घेतला, तोही बरोबर. ऑक्सिजनचा प्रश्न असता तर फॉक्सफेसने आधी तक्रार केली असती.

मासे का वाचले

हे इथे सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत. माशांवरचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे मरीन इक, किंवा व्हेल्व्हेट हा दुसरा परजीवी रोग, यांवर तांबं हे जुनं आणि खरोखर गुणकारी औषध आहे. साध्या कॉपर सल्फेटचा उपाय करताना लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम पातळी कित्येक दिवस टिकवतात. चिलेटेड, म्हणजे तांबं दुसऱ्या रेणूत बांधून ठेवलेल्या, औषधांमध्ये आकडा याहून बराच वर, दीड-दोन मिलिग्रॅमच्या पुढे जातो. बहुतेक मासे ते सोसतात. अपृष्ठवंशी जीव सोसत नाहीत. मोकळ्या समुद्राच्या पाण्यात तांबं लिटरला एक मायक्रोग्रॅमहूनही कमी असतं, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने समुद्री जीवांसाठी दीर्घकाळची जी मर्यादा घातली आहे ती ३.१ मायक्रोग्रॅम आहे, थोड्या वेळापुरती ४.८. म्हणजे माशाचं औषध जिथे सुरू होतं तिथून चाळीस-पन्नास पट खालीच इतरांचा त्रास सुरू होतो.

खेकडे, कोळंबी आणि बऱ्याच मृदुकाय प्राण्यांच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असतं, म्हणून त्यांचं रक्त निळसर. त्यामुळे 'त्यांना तर तांबं लागतंच' असा युक्तिवाद अधूनमधून कानावर येतो. लागतं, पण ते अन्नातून, कणाकणाने, प्रथिनात बांधून घेतलेलं. पाण्यात मोकळा फिरणारा तांब्याचा आयन कल्ल्यांवरच्या एन्झाइमांना चिकटतो, मिठाचा आणि अमोनियाचा हिशेब बिघडवतो, पेशींचं नुकसान करतो. कोरलच्या आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचं प्रकाशसंश्लेषण मंदावतं. समुद्रातलं बहुतेक तांबं सेंद्रिय पदार्थांना बांधलेलं असतं आणि तेवढं विषारी नसतं. जुन्या टँकमध्येही तसंच होतं. म्हणून इथे सगळं एका रात्रीत न मरता महिनाभर हळूहळू मरत गेलं.

आधी चिलर

काकांना एकच प्रश्न विचारला: उन्हाळ्यापासून आत्तापर्यंत या टँकच्या पाण्याला जे जे शिवतं त्यात काय काय बदललं? लगेच आठवलं ते चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड ठेवणारं यंत्र. मे महिन्यात बंद पडला होता, गल्लीतल्या एसीवाल्याने दुरुस्त केला. ठाण्या-मुंबईत चिलरशिवाय रीफ टँक चालत नाही, आणि चिलर दुरुस्त करणारे बहुतेक जण फ्रिज-एसीचे कारागीर असतात. त्यांच्या दृष्टीने तांब्याची नळी ही सर्वात चांगली नळी, आणि थंडगार हवेच्या कामाला ती आहेच. पण खाऱ्या पाण्याच्या चिलरमध्ये पाण्याला लागणारी कॉइल टायटॅनियमची हवी. कोणी ती बदलून तांब्याची बसवली तर टँक काही दिवसांत रिकामा होतो.

चिलर उघडला. कॉइल मूळचीच, टायटॅनियमची. पण पाण्याच्या तोंडाशी तुटलेल्या प्लास्टिकच्या एल्बोच्या जागी पितळी निपल, म्हणजे नळी जोडायचा तुकडा, होता. काका म्हणाले, "सापडलं!" मला तितकं वाटत नव्हतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त आधी निघून जातं आणि मागे लालसर, स्पंजासारखा थर राहतो. हा निपल आतून मळलेला होता, पण खरवडल्यावर पिवळाच निघाला. शिवाय तो मे महिन्यातला, आणि जून ते ऑगस्ट गोगलगायी मजेत होत्या. निपल काढून टाकला, प्लास्टिकचा बसवला, कारण खाऱ्या पाण्यात पितळाला जागाच नाही. मात्र शोध तिथे थांबवला नाही. टँकच्या पाण्याचा नमुना आयसीपी चाचणीसाठी, म्हणजे अगदी सूक्ष्म प्रमाणातले धातूही मोजणाऱ्या तपासणीसाठी, जर्मनीतल्या प्रयोगशाळेला पाठवला. अहवाल यायला आठवडे लागतात, तोवर हातावर हात ठेवून बसता येत नाही.

दुकानातली कॉपर टेस्ट 'काही नाही' म्हणाली, यात दुकानदाराची चूक नव्हती. त्या किटच्या रंगपट्टीवरची पहिली खूण ०.१ मिलिग्रॅमची होती. ते किट औषधाची मात्रा मोजण्यासाठी बनवलेलं आहे, मात्रा चुकू नये म्हणून. त्याच्या नजरेत ५० मायक्रोग्रॅम आणि शून्य यांत फरक नसतो, गोगलगायीच्या दृष्टीने मात्र तो जगण्या-मरण्याचा असतो. म्हणून या किटने टँक तपासण्यात अर्थ नव्हता. पण तांबं जर कुठून थेंबाथेंबाने येत असेल तर ज्या ठिकाणाहून येतं तिथे ते टँकपेक्षा दाट असणार, आणि तिथे हेच किट बोलेल.

मग घरातलं जे जे पाणी टँकपर्यंत पोचत होतं ते सगळं ओळीने बाटल्यांत भरलं: नळाचं, आरओचं, मीठ कालवून ठेवलेलं, टॉप-अपच्या (वाफ होऊन गेलेल्या पाण्याची भर घालायच्या) कॅनमधलं, आणि टँकचं. किटचे थेंब टाकले. नळाचं पाणी स्वच्छ. टँकचं जेमतेम शंका येईल इतकं. आरओचं आणि कॅनमधलं मात्र पहिल्या खुणेच्या थोडं वरच गेलं. म्हणजे नळात नाही आणि गाळून आलेल्या पाण्यात आहे. गाळणी पाण्यात तांबं घालत होती.

स्वयंपाकघरातलं यंत्र जाऊन पाहिलं. नवं कोरं, गणपतीच्या आधी बसवलेलं. समोरच्या पॅनलवर आरओ आणि यूव्हीच्या शेजारी ठळक अक्षरांत 'कॉपर'. काकांच्या आई हॉलमध्ये बसून आमची धावपळ बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, तांब्यासाठीच तर घेतलंय ते मशीन. हंडा घासायचं आता कोणाच्याने होतं?"

आजींचं बरोबरच होतं. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी प्यायची सवय आपल्या कितीतरी घरांत आहे, आणि वॉटर प्युरिफायर बनवणाऱ्यांनी ती सवय ओळखून शेवटच्या टप्प्यावर तांब्याचं काडतूस बसवलेली यंत्रं बाजारात आणली आहेत. मेम्ब्रेनने पाणी गाळायचं आणि नंतर त्यात मोजकं तांबं सोडायचं, अशी रचना. मेम्ब्रेन कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही, कारण तांबं मेम्ब्रेनच्या पुढे मिसळतं. काका वर्षानुवर्षं टँकसाठी किचनच्या आरओचंच पाणी वापरत होते. जुन्या यंत्राने चाललं, म्हणून नव्यानेही चालेल असं धरलं. टीडीएस मीटरवर आकडा २५ वरून ६० वर गेला होता, वहीत तशी नोंद आहे. पण 'मिनरल ॲडजस्टरमुळे असेल' असं इन्स्टॉल करणाऱ्याने सांगितलं, आणि बहुतांशी ते खरंही होतं. टीडीएस मीटर तांबं दाखवत नाही. लिटरला दशांश मिलिग्रॅम तांब्याने त्याच्या काट्यात कळण्याइतका फरकही पडत नाही. म्हणून 'टीडीएस कमी आहे, पाणी चांगलं आहे' हे वाक्य मला नेहमी खटकतं. ते मीटर फक्त किती विरघळलंय ते सांगतं, काय विरघळलंय ते नाही.

कॅनमधल्या गोड्या पाण्याचा नमुना पिण्याच्या पाण्याची चाचणी करणाऱ्या एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमध्ये दिला. गोड्या पाण्यासाठी हा स्वस्त आणि जलद मार्ग आहे. खाऱ्या पाण्याचा नमुना मात्र अशा लॅबला देण्याआधी विचारून घ्यावं, इतक्या मिठात त्यांची नेहमीची पद्धत गडबडते. उत्तर आलं: लिटरला ०.१२ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, तांब्याची स्वीकार्य मर्यादा ०.०५ आणि दुसरा स्रोत नसेल तर चालणारी १.५ मिलिग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा २ मिलिग्रॅम. म्हणजे आजींना या पाण्याने काही होणार नव्हतं. यंत्र बिघडलेलंही नव्हतं, ज्या कामासाठी विकलं गेलं ते काम ते चोख करत होतं.

हिशेब

आता आकडे मांडून पाहू. टँकमधून रोज साधारण ५ लिटर पाणी वाफ होऊन जातं, सम्पवर पंखा आहे. वाफेबरोबर फक्त पाणी जातं. मीठ मागे राहतं, तांबंही मागे राहतं. ५ लिटर गुणिले ०.१२, म्हणजे रोज ०.६ मिलिग्रॅम तांबं आत. ३४० लिटरमध्ये हे रोज पावणेदोन मायक्रोग्रॅमची भर टाकतं. पहिल्या दोन-तीन दिवसांतच ती ३.१ ची मर्यादा ओलांडली जाते, आणि कोणालाच पत्ता नसतो.

त्यात पाणी बदलण्याची भर. काका पंधरवड्याला ४० लिटर बदलायचे, मीठ याच आरओच्या पाण्यात कालवून. प्रत्येक वेळी ४.८ मिलिग्रॅम. आणि गोगलगायी पडायला लागल्यावर त्यांनी तेच केलं जे आम्ही सगळेच सांगतो: पाणी बदला. टँकमध्ये तेव्हा ४०-५० मायक्रोग्रॅम असावं, आणि बदलून येणारं पाणी १२० चं. बदललेल्या प्रत्येक बादलीने टँक आणखी बिघडत होता. वहीत दिसतंही तसंच: पाणी बदललं की एक-दोन दिवसांत काहीतरी मेलेलं.

यंत्र बसवल्यापासून नमुना घेईपर्यंत ढोबळ ७५ दिवस धरले तर टॉप-अपमधून ४५ मिलिग्रॅम आणि पाणी बदलण्यातून २० च्या वर, मिळून ७० मिलिग्रॅमच्या आसपास तांबं आत गेलं. सोबतीला हे लक्षात घ्या की एक मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घेतली तर तिच्या एक सेंटिमीटरमध्येच ७० मिलिग्रॅम भरतात. एवढंसंच.

जर्मनीचा अहवाल आला तेव्हा काम सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. नमुना घेतला त्या दिवशीचं तांबं ५८ मायक्रोग्रॅम. जस्त नेहमीसारखं कमी. पितळी निपल दोषी असता तर जस्तही चढलं असतं, त्यामुळे निपल सुटला. यात एक खाच आहे: बाजारात 'कॉपर-झिंक' अशी दोन्ही सोडणारी यंत्रंही आहेत. काकांच्या घरी तसं असतं तर जस्ताचा आकडा पाहून आम्ही निपललाच धरून बसलो असतो आणि टँकला पाणी तेच चालू राहिलं असतं. म्हणून नुसत्या अहवालावर विसंबायचं नाही, पाणी ज्या वाटेने येतं ती वाट तपासायची.

५८ मायक्रोग्रॅम गुणिले ३४० लिटर म्हणजे जवळजवळ २० मिलिग्रॅम. आत गेलं ७०, पाण्यात सापडलं २०, बदलून काढलेल्या पाण्यातून पाच-सहा गेलं असेल. उरलेलं चाळीसेक मिलिग्रॅम कुठे? काही स्किमरच्या, म्हणजे फेसातून मळ काढणाऱ्या यंत्राच्या, कपात गेलं, काही शेवाळात. पण मोठा वाटा दगडांवर आणि वाळूवर. तांबं कॅल्शियम कार्बोनेटला चिकटतं, आणि आपला लाइव्ह रॉक आणि ॲरॅगोनाइट वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. पाणी स्वच्छ केलं की तिथून ते थोडं थोडं परत सुटतं. पाहुणे गेले असं समजून दार लावावं आणि निम्मे आत गॅलरीत बसलेले निघावेत, तसा हा प्रकार. तांबं काढण्याचं काम वेळखाऊ होतं ते यामुळे.

काढणं

पहिलं काम म्हणजे त्या यंत्राचं पाणी टँकसाठी त्याच दिवसापासून बंद. प्युरिफायर स्वयंपाकघरात राहिला, पिण्यासाठी. टँकसाठी ड्राय बाल्कनीत वेगळं आरओ-डीआय युनिट लावलं: सेडिमेंट, कार्बन, मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन. मेम्ब्रेन बहुतेक धातू अडवतं, उरलेलं रेझिन पकडतं, आणि इथे टीडीएस मीटरचा खरा उपयोग आहे: रेझिननंतर आकडा शून्यावरून हलला की रेझिन बदलायचं. तेवढ्या आकड्यातसुद्धा धातूला वाव ठेवायचा नाही. ते युनिट लागेपर्यंत ओळखीच्या हॉबीस्टकडून डीआयचं पाणी आणलं. जुने कॅन टाकून दिले नाहीत, सौम्य व्हिनेगरने धुऊन, चांगलं विसळून वापरात घेतले.

दुसरं, जिवंत उरलेले हर्मिट क्रॅब आणि तीन-चार गोगलगायी नव्या स्वच्छ पाण्याच्या टबात हलवल्या. स्पंज फिल्टर नवा घातला, टँकमधला दगड मुद्दाम घातला नाही. अमोनियासाठी पाणी रोज थोडं बदललं. झोआ आणि लेदर जिथे होते तिथेच ठेवले, हलवण्याचा ताण त्यांना तांब्याइतकाच पडला असता.

मग पाणी. शंभर-शंभर लिटर, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, तीनदा. कागदावर यातून ५८ चं २० व्हायला हवं, कारण प्रत्येक वेळी सुमारे २९ टक्के पाणी जातं. एकदम सगळं पाणी बदला असं सांगणारे भेटतात. जुन्या टँकमध्ये एवढा धक्का देणं मला पटत नाही, आणि दगडातलं तांबं त्याने निघतही नाही.

दगडातून सुटणारं तांबं सुटल्या सुटल्या पकडणारं काहीतरी सतत चालू हवं. सम्पमध्ये जिथे प्रवाह जोरात होता तिथे कुप्रिसॉर्ब या तांबं धरणाऱ्या रेझिनची पिशवी ठेवली, ओव्हरफ्लोच्या खाली पॉलीफिल्टरची पट्टी, आणि ताजं ॲक्टिव्हेटेड कार्बन. कार्बन सेंद्रिय पदार्थांना बांधलेलं तांबं काही प्रमाणात उचलतं, रेझिन मोकळं तांबं धरतं. पॉलीफिल्टर तांब्याने निळसर होतो, त्यामुळे तो गाळणीही आहे आणि साक्षीदारही. पहिली पट्टी चार-पाच दिवसांत कडेने निळी-हिरवी झाली. काकांनी तिचा फोटो काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवला. तोपर्यंत घरात 'पाण्यात तांबं' ही माझी एक कल्पना आहे असाच सूर होता. पट्टी बदलत राहिलो, प्रत्येक पुढची कमी रंगली.

दुकानदाराने सुचवलेलं 'हेवी मेटल न्यूट्रलायझर' वापरलं नाही. अशा द्रवांत बऱ्याचदा ईडीटीएसारखं काहीतरी असतं, जे तांब्याला बांधून घेतं. सगळं एका तासात मरत असेल आणि हाताशी दुसरं काही नसेल तर त्याचा आधार घ्यावा. पण बांधलेलं तांबं टँकमध्येच राहतं, आणि पुढच्या आयसीपी अहवालात ते एकूण आकड्यात दिसतं, त्यामुळे खरी पातळी कळत नाही. इथे घाई नव्हती, पाणी बदलता येत होतं.

वाळू काढायची का, यावर मतभेद झाला. काकांच्या एका मित्राचं म्हणणं, सगळा दगड आणि वाळू फेकून टँक नव्याने उभा करा. ज्या टँकमध्ये मालकाने वर्षानुवर्षं तांब्याची औषधं ओतली आहेत तिथे मीही तेच सांगेन. तिथे ग्रॅमच्या हिशेबात तांबं दगडात गेलेलं असतं. इथे सगळं मिळून चाळीस मिलिग्रॅम. त्यासाठी स्थिर झालेला जैविक फिल्टर मोडणं म्हणजे ढेकणासाठी घर पेटवणं. वाळूचं मात्र मी ऐकलं. बारीक वाळूचं पृष्ठफळ दगडापेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि तिच्यात गाळही बसलेला असतो. प्रत्येक पाणी बदलताना तिचा एक-एक पट्टा सायफनने काढला, पुन्हा घातली नाही. टँकचा तळ आता उघडा आहे, फॉक्सफेसला फरक पडत नाही. स्किमरचा कप रोज धुतला आणि त्यातला मळ बेसिनमध्ये गेला, टँकच्या जवळपासही नाही.

दुसरा आयसीपी नमुना शेवटच्या मोठ्या पाणीबदलानंतर साधारण दोन आठवड्यांनी घेतला: २४. कागदी हिशेब २० सांगत होता आणि मधे रेझिन चालू होतं, तरी आकडा वरच. दगड सोडतोय याचा पुरावा हाच. म्हणून 'पाणी बदललं, झालं' असं म्हणून रेझिन काढायचं नाही. तिसऱ्या नमुन्यात ९, त्यानंतरच्यात ३. शून्य गाठायचा हट्ट कोणी धरू नये. समुद्रात शून्य नसतं, मिठात सूक्ष्म तांबं असतं, आणि बऱ्याच तयार खाद्याच्या डब्यावर घटकांमध्ये कॉपर सल्फेट लिहिलेलं असतं. ते वाचून डबा फेकून देणारे लोकही मी पाहिले आहेत. त्याची गरज नाही, ती मात्रा खाद्याच्या पोषणापुरती असते.

आकड्यांच्या आधी जीव सांगत होते. सम्पमध्ये कोपेपॉडची छोटी बाटली सोडली होती, दगडातून अजून तांबं सुटत असताना कोळंबी विकत आणण्यापेक्षा हे स्वस्त आणि कमी क्रूर. तिसऱ्या नमुन्याच्या सुमारास रात्री टॉर्च मारला की नळीवर पुन्हा ठिपके पळताना दिसायला लागले. काच पुन्हा दर दोन दिवसांनी पुसावी लागते, काका त्याची तक्रार करतात. लेदरने जुनी कातडी टाकली आणि तो पूर्ण उघडला. झोआंचा एक गठ्ठा गेला, बाकीचे आले. झेनिया संपला तो संपलाच, आणि एरवी जो जिथेतिथे पसरतो म्हणून लोक वैतागतात त्याच्याबद्दल हे लिहिताना गंमत वाटते. टबातल्या गोगलगायी चौथ्या अहवालानंतर, थेंबाथेंबाने पाणी जुळवून, टँकमध्ये परत सोडल्या.

आता काय बाकी आहे

रेझिनची पिशवी अजून सम्पमध्ये आहे आणि आणखी काही महिने राहील. क्लीनर श्रिंप आणायचा तो पुढचा आयसीपी आकडाही एक-दोनवर स्थिर आल्यावर. तांब्याचा आकडा नुसता कमी असणं पुरेसं नाही, रेझिन काढल्यावरही तो तसाच राहायला हवा. त्यासाठी एक नमुना रेझिन काढून महिन्याने घ्यायचा असं ठरलंय.

घरातल्या बाकी वाटा एकदा फिरून पाहिल्या. मीठ कालवायच्या पिंपात फिरवायला पितळी दांड्याचा पंप होता, तो बदलला. गरम पाणी लागलं तर गीझरचं घ्यायचं नाही, अनेक गीझरमध्ये तांब्याची टाकी किंवा एलिमेंट असतं. टॉप-अपचे कॅन निळ्या टेपने खुणावले आहेत, म्हणजे कामवाल्या मावशींनी चुकून प्युरिफायरचं पाणी त्यात भरू नये. चिलर पुन्हा बिघडला तर एसीवाल्याला काय सांगायचं हे चिलरवरच चिकटवलंय: पाणी लागणाऱ्या भागात फक्त प्लास्टिक किंवा टायटॅनियम.

आणि एक वाट अजून उघडी आहे. काकांना आता रॉयल ग्रामाची जोडी करायची आहे. दुकानांतले माशांचे टँक बऱ्याचदा तांब्यावर चालवतात, इक आणि व्हेल्व्हेट आटोक्यात ठेवायला, आणि त्यात त्यांची चूक नाही. पण त्या पिशवीतलं पाणी घरच्या टँकमध्ये ओतलं की त्यांचं औषध आपल्याकडे आलं. नवा मासा वेगळ्या टबात थेंबाथेंबाने जुळवायचा, जाळीने उचलायचा, पिशवीचं पाणी मोरीत. क्वारंटाइनमध्ये तांबं वापरायची वेळ आलीच तर त्या टँकची जाळी, नळी, हीटर, बादली, काहीही मुख्य टँककडे यायचं नाही. काकांनी त्यासाठी लाल टेप आणून ठेवली आहे.